एका सामन्याचा खेळाडू

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत खांद्यावर बॅट टाकून मैदानाकडे निघालेलीं मुलें आज जागोजाग दिसतात. थेरगांव येथील वेंगसरकर अकादमींत सराव केलेला ऋतुराज गायकवाड भारतीय संघांत खेळला, त्यामुळें अनेक आईबापांच्या आशा पालवल्या आहेत. अशा वेळीं मुलाच्या अंगच्या गुणांची चर्चा पुष्कळ होते. त्या गुणांची मशागत करणाऱ्या शिक्षकाची मात्र क्वचितच होते. म्हणून, श्रोतेहो, रमाकांत आचरेकर यांचें चरित्र ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आचरेकरांचा जन्म १९३२ सालचा. मुंबईच्या क्लबांतून व पुढें स्टेट बँकेच्या संघांतून ते खेळले. परंतु प्रथम दर्जाचा सामना त्यांच्या वाट्यास एकच आला. १९६३-६४ च्या मोसमांतील मोईनुद्दौला स्पर्धेंत, हैदराबादविरुद्ध, तो झाला. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द येवढ्यावरच संपली असती, तर त्यांचें नांव आज कोणी घेतलें नसतें. त्यांनीं मात्र दादरची शारदाश्रम शाळा आणि शिवाजी पार्कचें मैदान हेंच आपलें कार्यक्षेत्र मानलें, आणि दुसऱ्यांचीं मुलें घडविण्यांत उभा जन्म वेंचला.

त्यांची शिकविण्याची रीत साधी होती. मुलानें जाळ्यांत नुसते चेंडू टोलवून भागत नाहीं, त्यानें सामने खेळले पाहिजेत, असा त्यांचा कटाक्ष असे. एका मैदानावर सचिन तेंडुलकर बाद झाला, कीं त्याला स्कूटरवर मागें बसवून ते दुसऱ्या मैदानावर खेळावयास नेत. सरावाच्या अखेरीस यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचें तें नाणें; तो नाबाद राहिला तर त्याचें. थकलेल्या शरीरानेंहि मन एकाग्र कसें ठेवावें, याचा तो पाठ होता.

गुरूच्या शब्दाची किंमत घरालाहि मोजावी लागे. सचिन वांद्र्याच्या ज्या शाळेंत होता, तेथें क्रिकेटला वाव नव्हता; त्यानें शारदाश्रमांत यावें, असें आचरेकरांनीं सुचविलें. तेंडुलकर कुटुंबानें तें मानलें, आणि मुलगा आईबापांचें घर सोडून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहूं लागला.

फेब्रुवारी १९८८ मध्यें हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यांत शारदाश्रमाच्या सचिन व विनोद कांबळी यांनीं ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिनच्या ३२६, विनोदच्या ३४९. दोघेहि एकाच गुरूचे शिष्य, एकाच मैदानावर वाढलेले. पुढें एक २०० कसोटी सामने खेळला. दुसऱ्यानें लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतकें झळकाविलीं, तरी त्याचे सामने १७ वरच थांबले. यांत गुरूचा दोष शोधणें व्यर्थ आहे. शिक्षक पाया घालतो. त्यावरील इमारत शिष्याच्या स्वभावाची व दैवाचीहि असते.

बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे आणि अजित आगरकर हेहि त्यांचेच शिष्य. १९९० सालीं त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० सालीं पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजीं ते निवर्तले.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजीं निरोप घेतांना सचिननें भर मैदानांत सांगितलें, कीं इतक्या वर्षांत सरांनीं एकदांहि आपल्याला शाबासकी दिली नाहीं. शिष्य शेफारेल, सुस्तावेल, ही त्यांना धास्ती. ही कठोरता प्रत्येक मुलास मानवेल असें नाहीं, आणि तिचें आंधळें अनुकरणहि कोणीं करूं नये. परंतु जो मनुष्य रोज, ऊन-पाऊस न पाहतां, मुलाच्या आधीं मैदानावर हजर असे, त्याचें मौनहि त्या मुलाला कळत असे. आपल्या मुलासाठीं मैदान शोधणाऱ्या आईबापांनीं तेथील जाळीं व यंत्रें पाहण्याआधीं असा मनुष्य तेथें आहे काय, हें पाहावें.