धुराचे रूपांतर आणि विजेचा हिशेब

(विज्ञानप्रेमी श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



जळून गेलेल्या लाकडाचे पुन्हा लाकूड करता येईल का, असे कुणी विचारले तर आपण त्याला वेड्यात काढू. परंतु निसर्गात हे कार्य अखंड चालू आहे. ज्वलनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती शोषून घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याचेच पुन्हा लाकूड घडवितात. हेच कार्य पानाऐवजी धातूच्या पृष्ठभागावर आणि सूर्यप्रकाशाऐवजी विजेच्या बळावर करता येईल काय, हा आजचा विषय आहे.

कार्बन डायऑक्साइड हा अत्यंत स्थिर रेणू. ज्वलनात कार्बनजवळची ऊर्जा निघून गेली की मागे उरतो तो हा. त्याला पुन्हा क्रियाशील करायचे तर ऊर्जा ओतावी लागते आणि ती योग्य वाटेने वळविणारा मध्यस्थ लागतो. हा मध्यस्थ म्हणजे उत्प्रेरक.

जपानमधील चिबा विद्यापीठाचे योशिओ होरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ सालापासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या क्षेत्राचा पाया घातला. वेगवेगळ्या धातूंचे ऋणाग्र त्यांनी तपासले. सोने व चांदी यांवर कार्बन मोनॉक्साइड मिळाला. शिसे व कथील यांवर फॉर्मिक आम्लाचे क्षार. लोखंड व निकेल यांवर मुख्यत्वे पाण्यातून सुटणारा हायड्रोजन. तांब्याने मात्र मिथेन आणि एथिलीन दिले.

तांब्यालाच हे का साधावे? रूपांतराच्या वाटेवर कार्बन मोनॉक्साइड हा मधला टप्पा येतो. सोने त्याला सैल धरते, म्हणून तो निसटून जातो. प्लॅटिनम त्याला इतके घट्ट धरते की पृष्ठभागच अडून बसतो. ‘धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय’ अशी ही अवस्था. उत्प्रेरकाची पकड मध्यम असावी, हे तत्त्व १९१२ सालचे नोबेल विजेते फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाने ओळखले जाते. तांब्याची पकड या मध्याच्या जवळ आहे.

तथापि तांबे एकाग्र नाही. त्याच्या एका पृष्ठावर सोळा निरनिराळे पदार्थ तयार होत असल्याचे २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आढळले. एथिलीनच्या एका रेणूसाठी बारा इलेक्ट्रॉन द्यावे लागतात आणि वाटेत प्रत्येक वळणावर फाटे फुटतात. म्हणून संशोधक तांब्याच्या स्फटिकाचे पैलू बदलतात, त्यात अन्य धातू मिसळतात. शिवाय एक लिटर पाण्यात हा वायू जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो. त्यासाठी एका बाजूने वायू आणि दुसऱ्या बाजूने द्रव भिडेल असे सच्छिद्र ऋणाग्र रचले गेले. त्यावर वेग वाढला. पण बराचसा वायू कार्बोनेट होऊन वाया जातो आणि त्याचे क्षार छिद्रांत साचून ती बुजवितात. प्रयोगशाळेतील काही तासांचे यश कारखान्यातील काही वर्षांत उतरविणे, ही खरी कसोटी आहे.

आता थोडा हिशेब मांडू. एक किलो एथिलीन बनविताना सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. त्यासाठी निसर्गनियमानुसार किमान तेरा युनिट वीज लागते. प्रत्यक्षात तिच्या काही पट. कोळशावरील एक युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे कोळशाची वीज वापरली तर तीन किलो वायू वाचविण्यासाठी किमान तेरा किलो वायू सोडावा लागेल! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. जगातील सर्वोत्तम उत्प्रेरकही हा तोटा भरून काढू शकत नाही. सौर वा पवनवीज हाताशी असेल, तरी जोवर तिच्याने कोळशाची वीज हटविता येते, तोवर तोच तिचा अधिक चांगला उपयोग होय.

मग हे संशोधन व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. चंद्रपूर जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र आहे, तसेच सिमेंटचे कारखानेही आहेत. विजेसाठी कोळशाला पर्याय आहे. परंतु सिमेंटच्या भट्टीत चुनखडीच्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधन कोणतेही असो. पॉलिथिन एथिलीनपासूनच बनते. खनिज तेल आणि वायू बाजूला ठेवायचे तर त्याचा कार्बन कोठून तरी आणावाच लागेल. त्या दिवसासाठी हा उत्प्रेरक हवा आहे. आणि होरींच्या पहिल्या प्रयोगांना चार दशके लोटली तरी काम अपुरे आहे. म्हणजे गरज उद्भवल्यावर आरंभ करून चालणार नाही.

आपल्या देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. कार्बन पकडून त्याचा वापर करण्याच्या संशोधनासाठी मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र येथे राष्ट्रीय केंद्रे २०२२ साली घोषित झाली. येथे बसलेल्या तरुणांपैकी कुणी या वाटेने गेले, तर माझी एकच विनंती आहे. कोणत्याही नव्या उत्प्रेरकाची वार्ता ऐकली की तीन प्रश्न विचारा : तो किती काळ टिकला, दिलेल्या विजेतील किती वीज इच्छित पदार्थात उतरली, आणि ती वीज कोठून आली? उद्याच्या उत्प्रेरकाची आशा ही आजचा धूर सोडत राहण्याची सबब होऊ देऊ नका.