रुग्णालयांची चढाओढ



एका आळीत किराण्याची दोन दुकाने निघाली की भाव उतरतात आणि माल सुधारतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मग रुग्णालये शेजारीशेजारी उभी राहिली म्हणजे उपचारही स्वस्त आणि चांगला होईल, असे आपण सहज धरून चालतो. हे अनुमान कितपत खरे, ते आज तपासून पाहू.

तांदूळ आपण मुठीत घेऊन पारखतो. शस्त्रक्रिया कशी पारखणार? कोणती तपासणी हवी हे रोगी ठरवीत नाही, डॉक्टर ठरवितो. पैसा पुष्कळदा तिसराच देतो. ग्राहकाचे हे अज्ञान अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच विवेचिले होते.

अमेरिकेत १९८३ पर्यंत वृद्धांच्या सरकारी विम्यातून रुग्णालयाला झालेला खर्च भरून मिळे. मग भाव उतरवायचा कशाला? शेजाऱ्याने नवे यंत्र आणले की आपणही आणावयाचे, नाही तर डॉक्टर तिकडे जाणार आणि त्यांच्यामागून रोगी! जेथे रुग्णालये दाट, तेथे दर रुग्णामागे खर्च अधिक, असे रॉबिन्सन आणि लुफ्ट यांना १९८५ साली आढळले.

इंग्लंडचा अनुभव याहून बोधप्रद आहे. तेथील सरकारी आरोग्यसेवेत १९९१ साली अंतर्गत बाजार सुरू झाला. दर घासाघिशीने ठरत. रांगेत किती दिवस थांबावे लागते हे सर्वांना दिसे; हृदयविकाराच्या झटक्याने आलेल्यांपैकी किती दगावले, हे मात्र जाहीर होत नसे. परिणाम काय झाला? कॅरल प्रॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, चढाओढ तीव्र तेथे रांगा आखूड झाल्या, पण मृत्यूंचे प्रमाण वाढले.

२००६ साली रुग्णांना रुग्णालय निवडण्याची मुभा मिळाली. या वेळी दर सरकारने बांधून दिले होते. भाव पाडण्याची वाट बंद झाली. उरली ती गुणाची. दोन स्वतंत्र अभ्यासांत असे दिसले की, चढाओढीच्या भागांत हे मृत्यू अधिक घटले. झटका आलेला मनुष्य रुग्णालय निवडीत बसतो थोडाच, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला, आणि तो अगदीच पोकळ नाही. २०२२ च्या कायद्याने तर तेथे स्पर्धेपेक्षा सहकार्याला अग्रस्थान दिले.

तात्पर्य, चढाओढ होते ती दिसणाऱ्या गोष्टीत. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांना काही सेवांचे दर फलकावर लावणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. पण केवळ दर दिसले आणि गुण झाकलेला राहिला, तर इंग्लंडची पहिलीच चूक आपण करू. म्हणून आम्हांस वाटते, दरफलकाशेजारी दुसरा फलक नागरिकांनी मागावा: येथे किती शस्त्रक्रिया झाल्या, आणि किती रोगी बरे होऊन घरी गेले.