गावांची नावे, आपले उच्चार
(हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थ्यांच्या वतीने केलेले भाषण)



माझी ओळख करून देताना आत्ता 'म्हैसूरहून आलेले' असे म्हटले गेले. पंचवीस वर्षांपूर्वी बेळगाव सोडून नोकरीनिमित्त तिथे गेलो, तेव्हा कचेरीत पहिल्याच दिवशी मीही हाच शब्द उच्चारला आणि समोरचे कारकून हसले. "मैसूरु, सार, मैसूरु," त्यांनी दुरुस्ती केली. त्या हसण्याने मला याच शाळेतला भूगोलाचा एक तास आठवला. पण ते मागाहून सांगतो.

त्या दिवसापासून गावांच्या नावांकडे कान देण्याची सवय लागली. कन्नड शब्दाला शेवटी स्वर हवासा वाटतो, म्हणून 'ऊरु'. आपल्या मराठी जिभेला अखेरचा असा तोकडा स्वर पेलत नाही. आपण तो गाळतो आणि 'ऊर' म्हणून मोकळे होतो. 'म्हैसूर'मधल्या 'ह'ची कथा तर मोठी गमतीची आहे. त्या नगरीच्या नावाचा संबंध महिषाशी जोडतात. चामुंडी टेकडीवर महिषासुराचा भव्य पुतळा आजही उभा आहे. महिषातला तो 'ह' कन्नड उच्चारात लोपला. मराठीने तो राखला म्हणा, किंवा आपल्या दारच्या म्हशीने तो परत आणला म्हणा!

2014 च्या 1 नोव्हेंबरला कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावे कन्नड उच्चारानुसार केली. मराठी वृत्तपत्रेही 'बंगळुरू' छापतात. मूळ कन्नडात 'ळू' दीर्घ आणि 'रु' ऱ्हस्व. पण शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ आणि त्याच्या आधीचा ऱ्हस्व, हा आपल्या शुद्धलेखनाचा दंडक. त्यापुढे दोन्ही उकारांची अदलाबदल झाली. कन्नड उच्चाराचा मान राखायला गेलो आणि नकळत मराठी वळणच गिरवून आलो. मला यात काही गैर वाटत नाही. शहाजीराजांच्या काळचे कागद वाचणाऱ्यांना याच शहराचे 'बेंगरूळ' हे रूप ओळखीचे आहे. 'नुकसान'चे 'नुस्कान' व्हावे, तशी तिथे 'ळ' आणि 'र' यांनी जागा बदलली. ते रूप लिहिणारे अडाणी नव्हते. राज्याचे दफ्तर सांभाळणारी माणसे होती.

इंग्रजांना तर 'ळ' उच्चारताच येईना. बेळगावचे त्यांनी 'बेलगाम' केले, याचा आपण लहानपणी केवढा राग करीत असू! परंतु त्यातला अखेरचा 'म' नीट ऐका. ती जुन्या 'गांव'मधल्या अनुनासिकाची खूण आहे. आपण तो अनुस्वार उच्चारातून सोडला, 1962 च्या नियमांनी लेखनातूनही काढला; साहेबाच्या स्पेलिंगात मात्र तो राहून गेला.

आता माझे घर लष्कर मोहल्ल्यात आहे. म्हैसूरचे जुने भाग असे मोहल्ल्यांनीच ओळखले जातात: देवराज मोहल्ला, चामराज मोहल्ला, मंडी मोहल्ला. 'लश्कर' फारसी, 'मोहल्ला' अरबी. कन्नड मुलखातल्या या दोन पाहुण्या शब्दांत एक मराठी माणूस राहतो. आपण लिहितो 'ष' आणि उच्चारतो 'श'. हाच शब्द इंग्रजांच्या जहाजांवर पोचला आणि तिथल्या हिंदी खलाशांचे नाव 'लास्कर' पडले. ग्वाल्हेरलाही एक लष्कर आहे, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेले. पुण्याचे लष्कर तर आपल्याला ठाऊकच आहे. तिथल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे आणल्याशिवाय पुण्याहून परतता येत नाही! ज्या इंग्रजी गावाचे नाव या बिस्किटांना आहे, तिथेच त्याचा उच्चार 'श्रोजबरी' की 'श्रूजबरी', यावर गावकऱ्यांचे आजही एकमत नाही. न्यूकॅसलचा रहिवासी 'कॅ'वर जोर देतो. दक्षिणेकडचा इंग्रज 'न्यू'वर जोर देऊन पुढे 'कासल' असे लांबवतो. साहेबाच्या घरीही हेच चालते तर!

आता तो भूगोलाचा तास. सातवीत आमच्या वर्गात हुबळीकडून आलेला एक मुलगा होता. घरी कन्नड, शाळा मराठी. नकाशावरील शहरे वाचताना तो 'हुब्बळ्ळि' म्हणाला, दोन्ही जोडाक्षरांवर नीट टेकून, घरात म्हणत असतील तसे. पहिला मी हसलो. मग सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारू लागलो, आणि वर्ष संपेपर्यंत त्याने वाचनासाठी एकदाही हात वर केला नाही. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. का आला नाही, हे आम्ही कोणी विचारले नाही.

परवा आमची नात मैत्रिणींसमोर आजीला दटावत होती, "म्हैसूर काय म्हणतेस, मैसूरु म्हण ना!" आजी गप्प झाली. नातीला काय सांगावे, हे मला त्या क्षणी सुचले नाही. तिला जवळ बसवून या तासाची गोष्ट मात्र सांगितली. "मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालात?" तिने विचारले.

नाही म्हणालो. तो या सभामंडपात आहे की नाही, मला ठाऊक नाही. असल्यास, मित्रा, तुझा उच्चार बरोबर होता. हुब्बळ्ळि.