बोल्टची रेघ

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘बदलते तंत्रज्ञान आणि आपण’ हा विषय दिला होता. संगणकावर काहीतरी बोल, असं त्यांचं म्हणणं. मी बोलणार आहे छपराच्या पत्र्यांवर. विषयांतर वाटेल, पण शेवटी आपल्या बॅचच्या निधीचा हिशोब यातूनच निघणार आहे, तेव्हा जरा धीर धरा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीकडे एक काम आलं. फोमची रसायनं विकणाऱ्या एका कंपनीला कंत्राटदारांच्या माणसांसाठी मोबाइलवरचा प्रशिक्षणक्रम हवा होता. फोम म्हणजे गादीतला नव्हे. पत्र्यावर, भिंतीवर बंदुकीने फवारतात तो, पॉलियुरेथेनचा. दोन पिंपं असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल. दोन्ही गरम करून, वेगवेगळ्या नळ्यांतून, सारख्या मापाने बंदुकीपर्यंत आणायची. तिथे ती एकमेकांवर आदळतात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. या थराने उष्णता अडते आणि नीट बसला तर पाणीही अडतं.

मी वीस व्हिडिओ केले, प्रत्येकाखाली प्रश्न टाकले, पास झालेल्याला प्रमाणपत्र. काम देखणं झालं होतं. एकदा प्रत्यक्ष साइटवर वापरून बघा, असं गिऱ्हाइकाने सांगितलं आणि तासगाव रस्त्यावरच्या एका कंत्राटदाराचा नंबर दिला. फोन लावला तर आवाज ओळखीचा. आपल्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. नाव घेऊ नको असं त्याने बजावलंय, म्हणून घेत नाही. तुम्ही ओळखालच. मला म्हणाला, “तू? ये की. पण बूट घालून ये, सँडल नको.”

एका जुन्या गोदामाचं बेदाण्यासाठी शीतगृह करायचं काम होतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो बेदाणा वर्षभर हिरवट, टवटवीत राहतो तो शीतगृहामुळे. आत चार-पाच अंश आणि बाहेर एप्रिलात चाळीस. मधल्या थरात कुठे फट राहिली, की बाहेरची दमट हवा आत शिरते, थंड पृष्ठभागावर तिचं पाणी होतं, फोम सुटतो आणि विजेचं बिल चढतं. पूर्वी आपल्याकडे हळद हरिपूरच्या पेवांत ठेवत. ती पेवं खणणारे कुठल्या वर्गात बसून ते शिकले नव्हते. २००५ च्या पुराने त्या पेवांची मोठी हानी झाली. साठवण जमिनीखालून वर आली, पण माल कोरडा ठेवायचा हा प्रश्न तोच राहिला.

मी तिथे अकरा दिवस होते. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. माझ्या व्हिडिओत एक वाक्य होतं, ‘पृष्ठभाग कोरडा असल्याची खातरजमा करावी.’ जतकडची पोरं, दोघं बिहारचे. एकानेही ‘पृष्ठभाग’ शब्द ऐकलेला नव्हता. मित्राने त्यांना सकाळी सात वाजता पत्र्याला तळहात लावायला सांगितलं. हात ओला झाला. “हे दव. ह्याच्यावर मारलं तर दुपारी पापडासारखं निघंल. नऊनंतर बघू.” मग भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आत थेंब जमले होते. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली होती. आयसोसायनेटचं पाण्याशी जमत नाही. पाणी भेटलं की त्यातून वायू सुटतो आणि पकड जाते. हे मी व्हिडिओत सूत्रासकट सांगितलं होतं. थेंब मात्र मी स्वतः तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्याची शिकवायची रीत ठरलेली आहे. पहिले तीन दिवस बंदूक हातात नाही. नळ्या ओढायच्या, खिडक्या-दारं झाकायची, बंदूक खोलून पुसायची. चौथ्या दिवशी फळीवर फवारायचं आणि थंड झाल्यावर आपणच मारलेला फोम सुरीने कापून बघायचा. एका रसायनाचं माप जास्त झालं तर फोम ठिसूळ होतो, दुसऱ्याचं झालं तर मऊ, चिकट राहतो आणि वास मारतो. एका दमात जाड थर दिला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. मधोमध तपकिरी डाग दिसतो, कधी आगही लागते. तो डाग पोरांना दाखवून म्हणतो, “हे तुझं घाईचं सर्टिफिकेट.” शिवाय २०२० पासून आपल्या देशात फोम फुगवायचं जुनं रसायन, एचसीएफसी-१४१बी, ओझोनच्या थरासाठी बंद झालं. नव्या रसायनाचं वागणं वेगळं. त्यामुळे वीस वर्षं काम केलेल्यांनाही फळीवर पुन्हा बसावं लागलं. तोही बसला.

मुखवट्याच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही. आयसोसायनेट एकदा छातीत बाधलं, की पुढे त्याच्या थोड्याशा वाफेनेही दमा उसळतो आणि त्या माणसाला हे काम कायमचं सोडावं लागतं. म्हणून बाहेरून नळीने ताजी हवा देणारा मुखवटा. उकडतं, पोरं कुरकुरतात. तो काढणाऱ्याला त्या दिवसापुरता घरी पाठवतो, हजेरी मात्र मांडतो. “पैशापायी लपवायला नको,” म्हणतो.

आता ज्याच्यासाठी उभी राहिले ते सांगते.

फवारणी आतून होती, पण आधी वरचे फुटके सिमेंटचे पत्रे बदलायचे होते. सहाव्या दिवशी जतचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा वर चढला. माझ्या परीक्षेत त्याला वीसपैकी अठरा होते. तीन पावलं गेला आणि पत्रा फुटला. मांडीपर्यंत पाय खाली. छप्पर बावीस फुटांवर. अंगावर पट्टा होता, दोर वर बांधलेला होता, म्हणून तो लोंबकळला, पडला नाही. मांडीला सात टाके पडले.

माझ्या परीक्षेत प्रश्न होता, ‘सिमेंटच्या पत्र्यावर चालताना पाय कुठे ठेवावा?’ त्याने बरोबर उत्तर दिलं होतं, ‘खालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे पर्लिनवर.’ पण वर उभं राहिल्यावर पर्लिन दिसत नाही, ती पत्र्याखाली असते. दिसतात ते फक्त बोल्ट. बोल्टची रेघ जिथे, तिथे खाली पर्लिन. त्या रेघेवर आडवी फळी टाकायची आणि फळीवरून चालायचं. हे माझ्या वीस व्हिडिओंत कुठेच नव्हतं, कारण मी कधी छपरावर चढलेच नव्हते.

संध्याकाळी दवाखान्याबाहेर मित्र बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अगं, नव्या पोराला मी आधी जमिनीवर पत्रे मांडून दिवसभर चालवतो. ह्याच्याकडं तुझं सर्टिफिकेट होतं, म्हणून सोडलं. चूक माझी.” चूक त्याची नव्हती. तो जे दिवसभर शिकवायचा, त्याची जागा माझ्या कागदाने घेतली होती.

त्या रात्री मला आपला कार्यानुभवाचा तास आठवला. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात, म्हणून कबूल करते. आठवीत मी जमा केलेलं तोरण गणपती पेठेतून विकत आणलेलं होतं. तुम्ही त्याला ‘अ’ श्रेणी दिली. शेजारच्या रांगेत याच मित्राने स्वतः केलेलं, एका बाजूला झुकलेलं तोरण होतं. त्याला ‘क’ मिळाली आणि आम्ही हसलो. पुढे वालचंदला पहिल्या वर्षी वर्कशॉपमधला फायलिंगचा जॉबही मी अर्धा दुसऱ्याकडून घासून घेतला. मार्क कुठेच कमी पडले नाहीत. ते कमी पडले बावीस फुटांवर, आणि पाय त्या मुलाचा गेला.

तो मुलगा आता बरा आहे, कामावर आहे. प्रशिक्षणक्रम मी बदलला. प्रमाणपत्र काढून टाकलं. आता मोबाइलवर फक्त नोंदी होतात: पत्रा सकाळी किती गरम होता, भिंतीवरच्या प्लास्टिकखाली थेंब होते का, सुई टोचून थराची जाडी किती भरली. प्रत्येक नोंद उस्तादाने स्वतः काम पाहिल्यावरच पुढे सरकते. पहिलं पान एकच गोष्ट मागतं, ‘बोल्टची रेघ बोटाने दाखवून फोटो काढा.’ व्हिडिओतला आवाज माझा नाही, मित्राचा आहे. गिऱ्हाइकाला तो आधी गावंढळ वाटला होता. पोरांना मात्र कळतो.

आता निधीचा मुद्दा. शाळेला स्मार्टबोर्ड द्यावा, हा प्रस्ताव गेल्या बैठकीत मीच मांडला होता. तो मी मागे घेते. मागच्या बाजूच्या तीन पत्र्याच्या वर्गांत एप्रिलमध्ये मुलं वहीने वारा घेतात आणि जूनमध्ये बादल्या ठेवतात. आपणही ठेवायचो. माझं म्हणणं असं, की दिवाळीच्या सुट्टीत गंजलेले पत्रे बदलून त्या छपरावर वरून फोम आणि त्यावर पांढरा लेप द्यावा. उघडा फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होतो आणि तो पेटतोही, म्हणून लेपात काटकसर नको आणि आतून फवारायचं नाही. फवारणी चालू असताना आवारात मूल नको, ही मित्राची अट. रसायन आणि यंत्र विकत घ्यावं लागेल. मजुरी तो घेणार नाही. त्याची दुसरी अट अशी, की हे काम त्याच्याकडची आठ नवी पोरं करतील, त्याच्या नजरेखाली, शिकत शिकत. दोन दिवस जास्त लागतील. ते आपण द्यावेत. शाळा उघडली की नववीच्या मुलांना तो कापलेला फोम आणि पावसाळ्याआधीचा, नंतरचा फरक दाखवेल. कार्यानुभवाचा तास म्हणून.

मतदान जेवणानंतर आहे. त्याआधी मैदानावर त्याने दोन पत्रे विटांवर मांडून ठेवलेत. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी त्यावरून चालून बघावं. मी सकाळी चालले, दोनदा चुकले. सर, तुम्ही मात्र खुर्चीतूनच बघा. आणि सँडल घातलेल्यांनी आधी मला भेटा, बुटांचे चार जोड आणून ठेवलेत.