विनोद आणि कॅमेऱ्याची जागा

काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडत असते. नीट पाहिले तर या एका ओळीत एक संपूर्ण विनोदी प्रसंग साठविलेला आढळेल. ज्याच्या काखेत कळसा आहे त्याला तो दिसत नाही. पाहणाऱ्यांना मात्र तो पदोपदी दिसतो. बिचारा जितक्या मनोभावे शोध घेतो, तितके पाहणाऱ्यांना अधिक हसू येते. चित्रपटातील विनोदाचे पुष्कळसे रहस्य या म्हणीत आहे. प्रश्न एवढाच उरतो, की पाहणाऱ्याला कोठे उभे करावे?

अशी कल्पना करावी, की म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरम या वस्तीत एक मराठी कुटुंब राहते. सकाळची वेळ आहे. कॉफीचा पेला रिकामा झाला आहे, वर्तमानपत्र मांडीवर उघडले आहे आणि घरातील आजोबा आपला चष्मा शोधीत आहेत. चष्मा त्यांच्याच कपाळावर चढविलेला आहे. त्यांनी उशी उचलून पाहिली, पंचांगाची पाने चाळली, देवघरातही डोकावून झाले. “अहो, नीट पाहा, तिथेच असेल,” असे आजी स्वयंपाकघरातून सांगत आहेत. नातवंडे तोंडावर हात ठेवून हसू दाबीत आहेत. थोरल्या नातवाने खिशातला मोबाइल काढला आणि सारा प्रकार टिपून घेतला. संध्याकाळी ती चित्रफीत घरातल्या सर्वांना दाखविली, आणि कोणालाही हसू आले नाही. सकाळी ज्या प्रसंगाने हसून हसून पुरेवाट झाली होती, तोच प्रसंग पडद्यावर निर्जीव होऊन पडला.

हा अनुभव आज घरोघरी येत असला पाहिजे. प्रसंग विनोदी असला म्हणजे त्याचे चित्रण विनोदी होतेच असे नाही. नातवाने काय केले, हे पाहिले की कारण ध्यानात येते. उत्साहाच्या भरात तो आजोबांच्या अगदी जवळ गेला. प्रथम केवळ त्यांचा चेहरा दिसला, मग उशीखाली चाचपणारा हात, मग उघडलेला खण. जेव्हा हात दिसत होता तेव्हा कपाळ दिसत नव्हते, आणि जेव्हा कपाळ दिसत होते तेव्हा शोध दिसत नव्हता. कळसा एका चित्रात राहिला, वळसा दुसऱ्या चित्रात गेला. म्हणीचे दोन तुकडे झाल्यावर तिच्यातली गंमत उरावी कशी? तोच मुलगा चार पावले मागे सरून दाराशी स्वस्थ उभा राहिला असता, तर आजोबा, त्यांच्या कपाळावरचा चष्मा, उचललेली उशी आणि मागे हसू दाबणारी भावंडे हे सारे एकाच चौकटीत सामावले असते. विनोदी दृश्य पुष्कळदा लांबून घेतात ते याचसाठी. जवळून माणसाचे दुःख वा राग दिसतो. लांबून त्याची परिस्थिती दिसते, आणि हसू बहुधा परिस्थितीचे येते.

मात्र अंतराइतकेच महत्त्व पाहणाऱ्याला असलेल्या ज्ञानाचे आहे. मराठी चित्रपटाच्या इतिहासातच याचे एक मौजेचे उदाहरण सापडते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळाली नाही आणि अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. पुरुष लुगडे नेसून पडद्यावर वावरत होता. पण त्याचे हसू यावे अशी त्या चित्रपटाची अपेक्षाच नव्हती. बालगंधर्वांची रंगभूमी डोळे भरून पाहणाऱ्या महाराष्ट्राला यात वावगे असे काहीच नव्हते. समोर दिसते ती सीता, एवढेच प्रेक्षकाने मानावयाचे होते.

आता १९८८ साली सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘अशी ही बनवाबनवी’ आठवावा. चार तरुणांना पुण्यात राहावयास जागा हवी आहे. घरमालकिणीला बिऱ्हाडकरू हवेत ते जोडप्याने राहणारे. मग दोघांना बायका व्हावे लागते. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती आणि सचिन यांची सुधा पडद्यावर येताच चित्रपटगृह हास्याने दणाणून जाई. लुगडे तेच, पुरुषही तसाच. मग पहिल्या वेळी भक्तिभाव आणि दुसऱ्या वेळी हास्यकल्लोळ का? कारण दुसऱ्या चित्रपटाने प्रेक्षकाला आधीच कटात सामील करून घेतले आहे. खरे काय ते प्रेक्षकाला ठाऊक आहे, घरमालकिणीला ठाऊक नाही. अशा वेळी दोघांनाही एका चौकटीत ठेवले, की बाई साध्या आपुलकीने जे विचारील त्याचाही विनोद होतो. घडणाऱ्या गोष्टीला विशेष रंग चढविण्याची गरजच उरत नाही.

याच्या नेमकी उलट अशी आणखी एक युक्ती आहे: प्रेक्षकापासून काही लपवावयाचे आणि योग्य क्षणी उघड करावयाचे. हिच्यात चार्ली चॅप्लिनचा हात धरणारा विरळा. १९१७ च्या ‘द इमिग्रंट’ या मूकपटात जहाजाच्या कठड्यावरून एक मनुष्य बाहेर वाकलेला पाठमोरा दिसतो. अंगाला आचके बसत आहेत. बोट लागून ओकाऱ्या होत असाव्यात असे वाटून जीव कळवळतो, आणि इतक्यात तो वळतो. त्याच्या हाती नुकताच गळाला लागलेला मासा असतो. १९२१ च्या ‘द आयडल क्लास’मध्ये एका श्रीमंत मद्यप्याला बायकोचे पत्र येते, की दारू सोडीपर्यंत ती वेगळी राहील. तो पाठ फिरवितो आणि त्याचे खांदे हुंदक्यांनी गदगदू लागतात. मग तो प्रेक्षकांकडे वळतो, तेव्हा कळते की तो मद्याचे मिश्रण भांड्यात घालून घुसळीत आहे! दोन्ही ठिकाणी चॅप्लिनने कॅमेरा पाठीमागे ठेवला, एवढेच तंत्र. तो समोर ठेवला असता तर मासा मासाच राहिला असता आणि भांडे भांडेच. चौकट जे दाखविते त्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, ती जे दाखवीत नाही त्यातून हसू निर्माण होते.

तिसरी गोष्ट वेळेची. हौशी चित्रणात दृश्याचे फार तुकडे पाडण्याचा मोह होतो. विनोद वेगवान असला पाहिजे, तेव्हा तुकडेही लहान हवेत, असा समज त्यामागे असतो. बस्टर कीटनने १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये काय केले ते पाहण्यासारखे आहे. वादळात एका घराची दर्शनी भिंत अखंड त्याच्या अंगावर कोसळते. तो नेमका अशा जागी उभा आहे, की माळ्याच्या खिडकीचा मोकळा चौकोन त्याच्या अंगावरून उतरतो आणि तो सुखरूप राहतो. भिंत खरी, जड होती. खिडकीची कड आणि त्याचे शरीर यांत अंतर होते ते काही इंचांचे. हे दृश्य लांबून आणि न तोडता घेतलेले आहे. भिंत एका तुकड्यात पडली असती आणि कीटन दुसऱ्या तुकड्यात उभा दिसला असता, तर प्रेक्षकाने मनात म्हटले असते, ही सारी कात्रीची करामत. न तोडलेल्या दृश्यावर प्रेक्षकाचा विश्वास बसतो, आणि विश्वास बसला म्हणजेच तो प्रथम दचकतो व मग मोकळेपणाने हसतो. शिवाय कीटनचा चेहरा दगडासारखा गंभीर आहे. सांगणाराच आधी हसू लागला तर ऐकणाऱ्याचे हसू विरते, हे आपल्या कीर्तनकारांना पूर्वीपासून ठाऊक आहे. कॅमेऱ्यालाही हाच नियम लागू पडतो. त्याने डोळे मिचकावू नयेत. गंभीरपणे पाहत राहावे.

कॅमेऱ्याच्या खास अशा गमती वेगळ्या. त्याही चित्रपटाच्या जन्मापासूनच्या आहेत. १८९६ साली ल्युमिएर यांनी एक भिंत पाडण्याचे चित्रण केले, आणि फीत उलटी फिरविताच पडलेली भिंत धुरळ्यातून पुन्हा उभी राहिली. हाताने दांडा फिरवून चित्रण करण्याच्या त्या काळात दांडा सावकाश फिरविला, की पडद्यावरची माणसे तुरुतुरु धावू लागत. हिशेब सोपा आहे. सेकंदाला १२ चित्रे घेऊन ती २४ च्या वेगाने दाखविली, तर चालणारा मनुष्य दुप्पट वेगाने चालतो. त्या घाईतच त्याचा मोठेपणा गळून पडतो; भारदस्त हवालदार खेळण्यातल्या बाहुल्यासारखा दिसू लागतो.

या क्षेत्रात दादासाहेब फाळके यांचे काम विसरता येण्याजोगे नाही. ते स्वतः जादूगार होते आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची चित्रे घेतली. पडद्यावर तो अंकुर जणू पाहता पाहता वाढला. ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपट दाखविला. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगकाड्यांनाच नट केले. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा सरकवावयाची, पुन्हा एक. सेकंदाला १६ चित्रे धरली तर एका मिनिटाच्या मौजेसाठी ९६० वेळा हा खटाटोप करावा लागतो. निर्जीव काडीने माणसाप्रमाणे वागावे यात हसू आहे. पण ते उमटते मागच्या चिकाटीमुळे. आज मोबाइलमध्ये बोट लावताच वेग वाढतो, दृश्य उलटे फिरते. साधन इतके सुलभ झाले, की ते कशासाठी वापरावयाचे हा विचार मागे पडू लागला. आजोबांचा शोध दुप्पट वेगाने दाखविला तर क्षणभर हसू येईल. परंतु त्या शोधात आजोबा राहणार नाहीत, एक कळसूत्री बाहुले राहील.

ध्वनीविषयी तर म्हैसूरच्या शेजारीच एक उत्तम धडा आहे. सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या ‘पुष्पक विमान’ या १९८७ च्या चित्रपटात एकही संवाद नाही. बंगळूरमधील एक बेकार तरुण चित्रपटगृहाला लागून असलेल्या खोलीत राहतो. रोज रात्री मारामारीचे आवाज ऐकत झोपणे त्याच्या अंगवळणी पडले आहे. योगायोगाने तो एका आलिशान हॉटेलात पोहोचतो, आणि तेथील शांततेत त्याला काही केल्या झोप येत नाही. अखेर तो आपल्या खोलीशेजारचा गोंगाट ध्वनिमुद्रित करून आणतो, तो लावतो आणि गाढ झोपी जातो. येथे विनोदाचे सारे ओझे आवाजाने वाहिले आहे, आणि त्या हसण्याच्या तळाशी गरिबीची एक कळ आहे. ज्या चित्रफितींत प्रत्येक वाक्यामागे तयार हशा चिकटविलेला असतो, त्यांच्या कर्त्यांनी हा प्रसंग एकवार अवश्य पाहावा.

येथवर जे पाहिले त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. कॅमेरा कोठे ठेवावा, हा प्रश्न निव्वळ तंत्राचा नाही. त्याने हसू येते की नाही एवढेच ठरत नाही. हसू कोणाला, आणि कोणाच्या बाजूने, हेही ठरते. रस्त्यात अनोळखी मनुष्य पाय घसरून पडतो, कोणी ते टिपतो आणि हजारोंना दाखवितो. त्या पडलेल्या मनुष्याला कोणी विचारलेले नसते. तो उठला की नाही, त्याला लागले की काय, हे दाखविण्यापूर्वीच फीत तोडलेली असते. कीटनच्या अंगावर भिंत पडते तेव्हा जीव कीटनने स्वतःचा पणाला लावलेला असतो. हसे होते ते त्याने आपखुषीने करून घेतलेले असते. बाहेरून पाहता दोन्ही प्रकार सारखेच, पडण्याचे. पण एकात प्रेक्षक माणसाबरोबर हसतो, दुसऱ्यात त्याला हसतो. तंत्र कितीही सुधारले तरी हे अंतर ते आपोआप भरून काढीत नाही.

सरस्वतीपुरममधील त्या नातवाने आता काय करावे? आधी आजोबांना विचारावे. वृद्ध माणसाला आपल्या विसरभोळेपणाची बोच आपल्या समजुतीपेक्षा अधिक असते. त्यांनी मान डोलावली, तर दुसऱ्या दिवशी दाराशी कॅमेरा स्थिर ठेवावा, सारी खोली चौकटीत घ्यावी, उगाच पुढेमागे करू नये, हसण्याची घाई करू नये. उशी उचलली जाईल, पंचांग चाळले जाईल, आजी स्वयंपाकघरातून नेहमीचे वाक्य बोलतील. आणि कपाळ पुसण्यासाठी हात वर जाईल, चष्म्याला लागेल, तेव्हाही फीत तोडू नये. त्यानंतरचे चार क्षण फार मोलाचे आहेत. आजोबा चष्मा डोळ्यांवर घेतील, दारातल्या मुलांकडे पाहतील आणि सर्वांआधी स्वतःच हसू लागतील. त्यांचे ते हसू ज्या चित्रफितीत आले, ती पाहताना घरात कोणालाही हसू आवरणार नाही.