मुंबई ते नागपूर : किती तास?

मुंबईहून नागपूर किती लांब? रेल्वे म्हणते ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग म्हणतो ७०१. नकाशावर पट्टी ठेवली तर सातशेच्या आसपास. आमच्या विदर्भातला माणूस मात्र किलोमीटरच्या भानगडीत पडत नाही, तो म्हणतो, "एक रात्र." मला विचाराल तर त्याचाच हिशेब खरा.

रेल्वेचा आकडा फुगतो, कारण १८६७ साली नागपुरात पोचलेला हा मार्ग सरळ पूर्वेला जातच नाही. इगतपुरी, मनमाड करत तो उत्तरेला भुसावळपर्यंत चढतो आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा असा खाली उतरतो. शिवाय मध्ये थळ घाट. सदतीस फुटांना एक फूट चढ! म्हणून बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात आणि मागून बँकर इंजिनं जोडली जातात. संध्याकाळी निघालेल्या गाडीत नेमके तेव्हाच जेवणाचे डबे उघडलेले असतात. मागून धक्का बसतो, कुणाची आमटी वर्तमानपत्रावर सांडते, आणि समोरचे काका न बघताच सांगतात, "इंजिन लागलं." इगतपुरीला ती इंजिनं सुटली की लोक अंथरुणं पसरतात. डोळा उघडतो तो विदर्भात.

समृद्धीने हे गणित बदललं, यात वाद नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाची कटकटच मिटवली. सोळा तासांचे आठ तास झाले, असं सांगतात. पण कुठून कुठे? नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत. आमणे म्हणजे गिरगाव नव्हे! तिथून पुढे भिवंडी आहे, ठाणे आहे, संध्याकाळची वाहतूक आहे. बरं, आठ तासांत ७०१ किलोमीटर म्हणजे ताशी ८८ ची सरासरी, तीही चहाला न थांबता. थोडक्यात, हे आठ तास रस्त्याचे आहेत, घरापासून घरापर्यंतचे नाहीत. विमानाचंही तेच. हवेत दीड तास, पण अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

१९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. त्यामुळे डिसेंबरात खुद्द सरकारलाही या अंतराची चव घ्यावी लागते. मंत्री विमानाने येतात; फायलींचे गठ्ठे आपले रस्त्याने.

आणखी एक गंमत. दोन्हीकडची घड्याळं एकच वेळ दाखवतात, पण सूर्य नागपूरच्या डोक्यावर मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी येतो. म्हणून मुंबईचा पाहुणा हिवाळ्यात आमच्याकडे आला की सहालाच अंधार पडलेला बघून चक्रावतो.

समृद्धीवरून निघणार असाल, तर दुचाकी नेऊ नका. तिला तिथे परवानगी नाही. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासा. सरळसोट काँक्रीटवर डोळा कधी लागतो ते कळत नाही, तेव्हा दर दोन तासांनी गाडी थांबवून खाली उतरा. आणि नागपूरच्या नातेवाइकांना पोचण्याची वेळ कळवताना आठ तास सांगू नका, अकरा सांगा.