वाडा सोडून गेलेली पाठशाळा

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला भोरचा फाटा लागतो. इथून वळणारे बहुतेक जण भोरचा राजवाडा पाहायला जातात, तोही सिनेमात पाहिलेला म्हणून. मी मात्र तुम्हाला पुण्याकडे, येरवड्याला नेणार आहे. डेक्कन कॉलेजच्या इमारतीपाशी.

ही संस्था जन्मली वाड्यात. 6 ऑक्टोबर 1821 रोजी विद्वान ब्राह्मणांना द्यायच्या दक्षिणेच्या निधीतून पुण्यातल्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. सागवानी सुरूदार खांब, मधे चौक आणि चौकाकडे तोंड केलेली दालनं. पाठशाळेचं पुढे कॉलेज झालं आणि 1864 मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी येरवड्याला कोनशिला बसवली. जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी देणगी होती. 1868 मध्ये विद्यार्थी नव्या इमारतीत गेले. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. पुण्यातलं लाल देऊळही त्यांचंच.

शैली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची. अर्धगोल कमान दोन्ही बाजूंना रेटते. टोकदार कमान तोच भार जास्त सरळ खाली उतरवते. पण इंग्लंडचा नमुना जसाच्या तसा उचलला असता, तर चैत्रवैशाखात मुलं भाजून निघाली असती. म्हणून कमानींमागे व्हरांडे आले. ऊन बाहेरच अडतं, पावसाची झड वर्गापर्यंत पोचत नाही. माझ्या मते इमारतीचं सगळं शहाणपण या व्हरांड्यांत आहे. उतरती छपरं मात्र पुण्याच्या पावसाला अंमळ जास्तच. ती वेल्ह्याच्या मुसळधार पावसात शोभली असती!

आणि दगड? तो आपलाच, दख्खनचा काळा पाषाण. मुंबईच्या गॉथिक इमारतींवर पानाफुलांची, पशुपक्ष्यांची रेलचेल दिसते, कारण तिथे कोरीवकामाला पोरबंदरचा मऊ दगड आणला. आपल्या काळ्या दगडावर टाकी सहजी चालत नाही. त्यामुळे डेक्कन कॉलेज अंगावर दागिने न घातलेलं, जरा करडं दिसतं. मला ते तसंच आवडतं. पाथरवटाची करामत इथे नक्षीत शोधू नका. घडीव चिऱ्यांच्या सांध्यांत पाहा.

लोकमान्य टिळक इथेच शिकले. 1934 मध्ये कॉलेज बंद पडलं आणि 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. दोन्ही वास्तू आज उभ्या आहेत. पुण्याला काम निघालं, तर सकाळी विश्रामबागवाडा पाहा आणि दुपारी, ऊन तापल्यावर, येरवड्याच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहा.